सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये

मामा, सुमतीचा फोन आला होता. तुमची लेक फोनवर अगदी तुमच्यासारखी बोलते. सुरुवात तमिळमध्ये, मध्ये इंग्रजीचा पूल, आणि मराठीपर्यंत पोचेस्तोवर श्वास संपलेला. म्हणाली, "अण्णा, परवा अप्पांचं शुभम् आहे. सगळे येणार. तू बोलायचंस. दिवाळीचं बोल, तू आणि अप्पा टेरेसवर गेलात ते. यू टेल इट सो वेल. अम्मा एकदा तरी हसली पाहिजे."

मी "हो हो, बोलतो की" म्हणालो. माझ्या तोंडाला 'हो' म्हणायची सवय आहे, ते मला विचारत नाही. तुमच्याकडे तेराव्याला शुभम् म्हणतात हे मला आवडायचं. परवा त्या शब्दाला साजेसं काहीतरी मला उभं राहून बोलायचंय, आणि माझ्याकडे आहे ती एक खोटी गोष्ट. फार छान गोष्ट आहे, सगळ्यांना आवडते. तिच्यात एक जिना गाळलेला आहे, हे तुम्हाला माहीत आहे आणि मला.

हे मी पेरुंगुडीला ऑफिसात बसून लिहितोय, कॅन्टीनच्या कोपऱ्यात. मॅनेजरला वाटतंय डिझाइनचं काम चाललंय. चार वेळा मागून गेला. चारही वेळा मी कपाळाला आठ्या घातल्या. आठ्या दिसल्या की त्याचं समाधान होतं. त्याला काय माहीत, आज त्या घालाव्या लागत नाहीयेत.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "पोदुम, पुरे रे, मुद्द्यावर ये." येतो. पण मला मुद्द्यावर यायची भीती वाटते म्हणून आधी थोडं इकडेतिकडे फिरू द्या.

सहा वर्षांपूर्वीची माझी चेन्नईतली पहिली दिवाळी. रजा मिळाली नव्हती. नवा कॅमेरा घेऊन समुद्रावर गेलो होतो आणि आकाशात फुटणाऱ्या प्रत्येक बाणावर फ्लॅश मारत होतो. फ्लॅश असा की रामेश्वरमचे कोळी बोटी वळवून घरी निघाले असतील. चारशे फोटो काढले. त्यातले तीनशे नव्व्याण्णव पांढरे डाग आणि एक माझाच अंगठा. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाळा, आकाशास उजेड कशाला दाखवितोस? त्याच्याकडे आहे की."

मी दचकून वळलो. मद्रासच्या वाळूत मराठी, आणि तीही अशी की मोडी दप्तरातला एखादा कारकून समुद्रातून वर आलाय असं वाटावं. कमरेला पांढरी वेष्टी, कोपरापर्यंत दुमडलेला शर्ट, आणि शेजारी ट्रायपॉड. तो ट्रायपॉड तर बहुधा ब्रिटिशांनी इथली जमीन मोजायला आणला होता आणि जाताना विसरला होता.

"कोठला तूं?"

"सातारा."

"सातारा!" तुम्ही कमरेवर हात ठेवलेत. "अरे, आमचे लोक तेथून निघाले त्यास साडेतीनशे वर्षें झालीं. तूं आत्ता पोचतोस? इतका उशीर? वाटेंत जेवलास काय?"

तंजावरची मराठी मी त्याआधी ऐकली नव्हती. 'मी सांगितलों', 'मी पाहिलों' म्हणणारा माणूस पाहिला नव्हता. तासाभरात तुम्ही मला मामा झालात आणि मी तुम्हाला साताऱ्या. माझं खरं नाव तुम्हाला शेवटपर्यंत पाठ होतं की नाही याची मला शंका आहे.

त्या रात्री तुम्ही मला तो पुठ्ठा दाखवलात. जॉर्ज टाउनात कागदाच्या ठोक व्यापाऱ्याकडे तुम्ही उभं आयुष्य काढलंत, आणि तिथून आणलेला हातभर लांबीचा, न चकाकणारा, कोळशासारखा काळा पुठ्ठा तुमच्या पिशवीत असायचा. कॅमेरा ट्रायपॉडवर. शटर उघडायचं आणि उघडंच ठेवायचं. लेन्ससमोर पुठ्ठा धरायचा, लेन्सला न टेकवता. बाण जमिनीवरून सुटल्याचा धप् आवाज झाला की पुठ्ठा बाजूला. फूल उमललं, विझायला लागलं, की पुठ्ठा परत समोर. पुन्हा धप्, पुन्हा बाजूला. असं करत एकाच फोटोत चार-पाच फुलं गोळा करायची, आणि मग शटर मिटायचं. आकाशात जे एका वेळी कधीच नव्हतं ते फोटोत एका वेळी. माझ्यासारख्या थापाड्याला अख्ख्या जगात यापेक्षा योग्य धंदा सापडला नसता.

तुम्ही मात्र असं बोललेलं चालवून घ्यायचा नाहीत. "थाप नव्हे. चारही खरीं फुलें. मी फक्त नकोत तीं घेत नाहीं."

तुमच्या कानांबद्दल ऑफिसात मी काय सांगत आलोय ते तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही पुठ्ठ्याने मारलं असतंत. मी सांगतो की धप् ऐकून मामा बाण कोणत्या कारखान्याचा ते ओळखायचे, वात कोणी वळली ते ओळखायचे, आणि वळणाऱ्या बाईचं त्या सकाळी नवऱ्याशी वाजलं होतं का तेसुद्धा. लोक मानतात. खरं इतकंच होतं की तुम्ही डोळे मिटून उभे राहायचात, धप् झालं की ओठातल्या ओठात 'ओण्णु, रेण्डु' मोजायचात, आणि पुठ्ठा बरोबर त्या क्षणी बाजूला व्हायचा जेव्हा ठिणगी फुलायला निघालेली असे. मी कॅमेऱ्याच्या केबलचं बटण हातात धरून उभा. माझं काम म्हणजे सुरुवातीला एकदा बटण आणि शेवटी एकदा बटण. मधला सगळा वेळ मी तुमचा हात बघायचो. या दिवाळीपर्यंत तो हात एकदाही थरथरला नाही आणि पुठ्ठ्याची कड एकदाही फोटोत आली नाही.

म्हणूनच तो वाद झाला. तुमच्या सोसायटीने कॅलेंडर छापलं, आपला फोटो घेतला, आणि खाली माझं नाव. मीच दिलं होतं माझं नाव, त्यांनी विचारल्यावर. तुम्ही चष्मा नाकावर ओढून वाचलंत.

"बटण तुझें होतें," तुम्ही म्हणालात. "उजेड माझा."

"मग फोटो कुणाचा?"

"तें तूं सांग. नांव तूं दिलेंस."

"मामा, कॅमेरा पण माझा!"

"आणि आकाश? तेंही साताऱ्याहून आणलेंस काय?"

मी रागावून चार दिवस आलो नाही. पाचव्या दिवशी मामींनी पोडी-इडलीचा निरोप पाठवला तेव्हा आलो. वाद तिथेच राहिला. दर वर्षी कॅलेंडर लागलं की आपण दोघं त्याच्यासमोरून मान वळवून जायचो. पुढच्या वर्षी दोन नावं देऊ असं मी मनात ठरवलं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगायची घाई कसली, असं वाटायचं.

आता मुद्दा.

गेले अकरा दिवस लोक मला भेटतात, तुमचं नाव काढतात आणि मी या दिवाळीची गोष्ट सांगतो. तिच्यात तुम्ही आठ मजले दोन उड्यांत चढता. सोसायटीचा सेक्रेटरी लिफ्ट बंद करून किल्ली कंबरेला लावून बसलेला असतो, तुम्ही त्याला तंजावरच्या राजाच्या थाटात बाजूला सारता. पाचव्या मजल्यावर एक कुटुंब तुम्हाला ओढून नेऊन मुरुक्कू, म्हणजे आपली चकली, खायला घालतं. मी मागे धापा टाकत असतो, आणि गच्चीवर पोचतो तेव्हा तुम्ही तिथे पुठ्ठा घेऊन उभे असता आणि म्हणता, "इतका उशीर?" इथे सगळे हसतात. हीच गोष्ट मी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सुमतीला फोनवर सांगितली होती. हीच मी दिवाळीच्याच संध्याकाळी मामींना सांगितली, जिन्यात उभं राहून, तुमच्या फोनवरून.

खरं काय झालं ते आपण दोघांनी पुन्हा कधी काढलं नाही. आज काढतो. चुकलं तर टोका.

संध्याकाळी सात ते आठ. सरकारने संध्याकाळच्या फटाक्यांना दिलेला तेवढाच तास. मी पावणेसातला तुमच्या दुसऱ्या मजल्यावर पोचलो. तुम्ही बाल्कनीत बसला होतात, ट्रायपॉड तिथेच उघडून ठेवलेला. म्हणालात, "साताऱ्या, यंदा येथूनच करूं." सहा वर्षांत तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. कुणाही शहाण्या माणसाने विचारलं असतं, का? मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बाल्कनीतून काय काढायचं मामा, समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चड्ड्या?" आणि स्वतःच हसलो. तुम्हीही हसलात. उठलात.

लिफ्ट खरंच बंद होती. तेवढं गोष्टीत खरं आहे. तुम्ही पिशवी घेतलीत, मी कॅमेरा आणि ट्रायपॉड. तिसरा, चौथा, पाचवा. मी पुढे, एकसारखं घड्याळ बघत. सहाव्यापर्यंत तुमच्या चपलांचा आवाज येत होता. मग यायचा थांबला. मी सात-आठ पायऱ्या खाली उतरलो. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये, जिना वळतो तिथे तुम्ही बसला होतात.

"कोंचम, थोडें बसूं," तुम्ही म्हणालात. शर्ट छातीला चिकटलेला. हाताने जबडा चोळत होतात, डाव्या बाजूचा. मला वाटलं दाढ. म्हणजे, मला वाटलं दाढ असं मी मला सांगितलं.

"काय होतंय मामा?"

"वायू. सकाळचें लेगियम् चुकलें. गोड खाल्लों, वर औषध घेतलों नाहीं. दुसरें काय?"

दिवाळीच्या पहाटे तुमच्याकडे ते आल्याचं, ओव्याचं काळं चाटण देतात ना, पोट बिघडू नये म्हणून. ते तुम्ही घेतलं नाही म्हणालात आणि मला ते पटलं. मला पटवून घ्यायचं होतं. बाहेर धडाधड फुटत होतं, जिन्याच्या जाळीतून हिरवा-लाल उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडत होता, आणि मी काय विचार करत होतो सांगू? अरे, हा हिरवा गेला. हा चांदीचा गेला. सगळे जातायत.

तेव्हा तुमचा फोन वाजला. मामी. तुम्ही फोन माझ्या हातात दिलात. "तूं बोल. तुझी वाणी गोड." आणि वर, "तिला कांहीं सांगूं नको."

मामी म्हणाल्या, "वर पोचलां काय रे? ते बरे आहेत ना? आज दिवसभर धड बोलले नाहींत. मजला कसेंसेंच वाटतें."

मामा, त्यांनी विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. आणि मी म्हणालो, "मामी, काय सांगू! मामा पुढे पळतायत, मीच धापा टाकतोय! पाचव्या मजल्यावाल्यांनी मुरुक्कू दिलं, मामांनी अर्धा डबा रिकामा केला..." मामी हसायला लागल्या. तुम्ही पायरीवर बसून, घाम पुसत, मला हाताने 'बेष' अशी खूण केलीत. तुमच्या हयातीत माझ्या थापेला तुम्ही दिलेली ती एकमेव शाबासकी.

वीस मिनिटं तुम्ही तिथे होतात. अंदाजे नाही, बरोबर वीस. मला माहीत आहे कारण मी घड्याळ बघत होतो. तुमच्यासाठी नाही. आठला सगळं बंद होणार होतं म्हणून.

मग तुम्ही उठलात, कठड्याला धरून, आणि वर आलात. फोटो काढला. एकच काढला. चार फुलं, आपण काढलेल्यांतला सगळ्यांत सुंदर फोटो, हे मी वाढवून सांगत नाहीये. वारा समुद्राकडून होता, धूर आपसूक बाजूला गेला. तुम्ही विचारलंत, "आला काय?" मी स्क्रीनवर पाहिलं. चौथ्या फुलाच्या वेळी तुमचा हात पुरता बाजूला झाला नव्हता. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची कड आली होती, काळी, तिरकी, बोटभर. तुमचा चष्मा घरी राहिला होता. मी म्हणालो, "आला मामा. झकास."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मामी कॉफी घेऊन आल्या तेव्हा तुम्ही उठला नाहीत.

त्या एकोणीस दिवसांत मी तुमच्याकडे तीन वेळा आलो. एकदाही 'डॉक्टरकडे चला' म्हणालो नाही. तुम्ही बरे दिसत होतात, कॅलेंडरसमोरून मान वळवून जात होतात. मी डॉक्टर नाही. त्या दिवशी मामींना खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित खरंच वायू असेल. मी रोज हे दोन्ही स्वतःला सांगून बघतो आणि दोन्हीतलं एकही टिकत नाही. झोपताना पाठ टेकली की मला जिना दिसतो. परवा हॉलमध्ये साठ माणसं बसतील. समोर मामी असतील. सुमती म्हणेल, सांग ना अण्णा, मुरुक्कूचं सांग. आणि माझ्या तोंडाला सवय आहे.

इथवर काल लिहिलं होतं. पुढचं आज, बाराव्या दिवशी, संध्याकाळी.

सुमतीने तो फोटो मोठा करून मागितला होता, उद्या हॉलमध्ये हार घालून ठेवायला. म्हणून सकाळी अण्णा नगरातल्या स्टुडिओत गेलो. तिथल्या पोऱ्याने फाइल उघडली, फोटो पडद्यावर आला, दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग त्याने पेनचं टोक पडद्यावर टेकवलं. "सार, कॉर्नर्ला एदो करुप्पा इरुक्कु. कट पण्णिडवा?" कोपऱ्यात काळं काहीतरी आलंय, कापून टाकू का?

किती सोपं होतं मामा. बोटभर कोपरा. चारही फुलं शाबूत राहिली असती. फोटोवाला कापतोच की, त्यात खोटं काय? मी मान हलवणार होतो. माझी मान हललीसुद्धा थोडी, आणि त्याने माउसने चौकटही ओढली. काळा कोपरा चौकटीबाहेर गेला आणि फोटो एकदम नितळ दिसायला लागला, जसे तुम्ही त्या दिवशी टुणटुणीत होतात तसा.

"वेंडाम्," मी म्हणालो. "नको, राहू दे. आहे तसा दे."

त्याने खांदे उडवले. फोटो हातात आला तेव्हा गरम होता. तो घेऊन मी हॉलवर न जाता तुमच्या घरी आलो. दोन मजले चढायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात लोक तिरुपती चढून उतरतात. दारात तीनदा चप्पल काढली आणि दोनदा घातली.

मामी एकट्याच होत्या. सुमती उद्याच्या सामानाला गेली होती. बाल्कनीतल्या तुमच्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. "ये. बैस," म्हणाल्या. तुमच्या खुर्चीत बसवेना, म्हणून मी जमिनीवर बसलो आणि फोटो त्यांच्या मांडीवर दिला.

त्यांनी बराच वेळ पाहिला. फुलांवरून बोट फिरवलं, एक, दोन, तीन, चार. मग बोट खाली आलं.

"हें काय?"

"पुठ्ठा."

"त्यांचा पुठ्ठा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांचा पुठ्ठा आंत कधीं येत नव्हता रे. चाळीस वर्षें मी पाहिलें."

"हो मामी."

"मग?"

मी तोंड उघडलं. मामा, देवाशप्पथ, पहिलं वाक्य मुरुक्कूचंच आलं होतं ओठावर. अगदी तयार, गरम. गिळलं. म्हणालो, "मामी, त्या दिवशी मी फोनवर खोटं बोललो. मामा पळत नव्हते. जिन्यात बसले होते. घाम आला होता. जबडा दुखत होता. मुरुक्कू कुणी दिलं नाही."

खाली रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, त्याचं सगळं भांडण ऐकून झालं.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

आणि त्यांचा चेहरा जरासा सैल पडला. म्हणाल्या, "वीस म्हणजे पांच. ते नेहमीं सांगत, साताऱ्याचें चाराने भागून घ्यावें. पांच मिनिटें कोणीही बसतो रे. वयच झालें होतें."

दार उघडं करून दिलं होतं मामा, त्यांनीच. तुमच्याच किल्लीने. मला फक्त आत जायचं होतं. पाच मिनिटं. वय झालं होतं. वायू होता. कॉफी घेऊन मी घरी गेलो असतो, उद्या मजेत बोललो असतो आणि त्यांनाही रात्री झोप लागली असती. कदाचित त्यांच्यासाठी तेच बरं होतं, हे मला अजूनही कळत नाही.

"मामी," मी म्हणालो, "आज भागू नका."

त्यांचा हात फोटोवरून उचलला गेला. मग त्या बोलल्या. इतक्या हळू की मला पुढे सरकावं लागलं.

"मी विचारलें होतें तुला. फोन हातांत धरून उभी होतें, येथेंच. मजला वाटत होतें म्हणून तर विचारलें. तूं हसविलेंस आणि मी फोन ठेवून वाती करीत बसलें."

"हो."

"त्यांनीं सांगूं नको म्हटलें असेल."

"म्हटलं होतं. पण मी—"

"त्यांचें सोड. ते मरणाचे हट्टी. पण तुला जीभ दिली होती ना देवाने? एवढी मोठी?"

त्या उठल्या, आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, नळाचा आला, बंद झाला. मला वाटलं आता म्हणतील, जा. मी चपलांकडे बघत होतो. त्या परत आल्या तेव्हा हातात काही नव्हतं, फक्त हात ओले होते. पदराला पुसत बसल्या.

"उद्यां लोकांपुढें हें नको," म्हणाल्या. "सुमतीला मी सांगेन, माझें मी. तूं उद्यां पुठ्ठ्याचें सांग, त्यांच्या कानांचें सांग, पाहिजे तेवढें वाढवून सांग. पण आत्तां मजला जिन्यांतलें सांग. बाल्कनींतून उठले तेथपासून. काय बोलले, कोठें पाहत होते, हात कोठें होता. सगळें."

मी सांगितलं. तुम्ही 'यंदा येथूनच करूं' म्हणालात ते सांगितलं, आणि मी काय बोललो तेही. चड्ड्यांच्या विनोदाला त्या हसल्या नाहीत. लेगियम्‌चं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "घेतले होते. मी स्वतः चाटविलें." एवढंच. हिरवा उजेड सांगितला. घड्याळ सांगितलं. तिथे मी थांबलो, पण त्या पुरे म्हणाल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या, म्हणून मला पुढे जावं लागलं. तुम्ही उठताना कठडा उजव्या हाताने धरलात की डाव्या, ते त्यांनी विचारलं. उजव्या. पिशवी कुठे होती? मांडीवर. माझ्याबद्दल काही म्हणाले? तुमचं नाव काढलं, मामी. काय म्हणून? "तिला कांहीं सांगूं नको," म्हणून.

सगळं संपलं. माझ्या मते ही माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लहान गोष्ट होती.

मामींनी फोटो भिंतीला टेकवून ठेवला, उलटा नाही, सरळ. डोळे पुसले नाहीत. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, केलं असेल असंही मला वाटत नाही, आणि विचारायचं धाडस माझ्यात नाही.

"परत सांग," त्या म्हणाल्या.

मी परत सांगितलं, बाल्कनीपासून. दुसऱ्या खेपेलाही जिन्यातली मिनिटं वीसच निघाली.